टक्के वेगळे, पर्सेंटाइल वेगळं!

'बारावीला ९२ टक्के आहेत, डेंटल मिळेलच ना?' रामबागेत दर उन्हाळ्यात हाच प्रश्न! अहो काका, बीडीएसच्या, म्हणजे डेंटल पदवीच्या, मेरिटमध्ये ते ९२ धरतच नाहीत. बारावी फक्त पात्रतेपुरती: खुल्या वर्गाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के. मार्कशीटवर ४८, ५२, ४९ असतील तर झाले १४९, ३०० पैकी. एका गुणाने अपात्र! मग इंग्रजीत ९० आणि फिजिकल एज्युकेशनमध्ये ९५ मिळवून एकूण ६६.८ टक्के दाखवले तरी काय उपयोग? इंग्रजीत नुसतं पास व्हायचं असतं.

नंबर लागतो 'नीट' या प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांवर. आणि ५० पर्सेंटाइल म्हणजे ३६० गुण नव्हेत हो! निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणं, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावर सरकारी सीट मिळत नाही. हे फॉर्म भरण्याआधी विचारा, काउन्सेलिंगच्या, म्हणजे जागावाटपाच्या, आदल्या रात्री नको.