अठराची वाट बघायची नसते

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी हे नवं फॅड आहे. अठराच्या आत असलं निदान करताच येत नाही. पोरं लाडानं बिघडतात, लक्ष वेधायला हातावर ओरखडे काढतात. आणि खरंच झालाच, तर हा आजार जन्मात बरा होत नाही.' म्हणजे आजार नाहीच, आणि तो बराही होत नाही!

बॉर्डरलाइन म्हणजे भावना, नाती आणि स्वतःबद्दलची प्रतिमा सतत डळमळीत राहण्याचा मानसिक विकार. नवं म्हणाल तर 1980 पासून तो अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या निदानसंहितेत आहे. लक्षणं वर्षभर टिकून असतील, तर त्याच संहितेनुसार अठराच्या आतही निदान करता येतं. अठराची सक्त अट आहे ती समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराला. मात्र एका ब्रेकअपवरून, एका भांडणावरून कुणी हे लेबल चिकटवू नये. नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात.

लक्ष वेधण्याचं म्हणाल, तर माझंच सांगते. मी नववीला शिकवायची. सोलापूरचा एप्रिल, पंखाही गरम वारा फेकतोय, आणि एक मुलगी मनगटापर्यंत बाह्यांचा स्वेटर घालून बसलेली. मी चारचौघांत तिला तो काढायला लावणार होते. लक्ष हवं असतं, तर तिनं हातावरचे ओरखडे झाकले असते का? मधल्या सुट्टीत एकटीला विचारलं तेव्हा म्हणाली, "घरी सांगितलं की नाटकं म्हणतात."

हे 'नाटकं' फार महागात पडतं. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही भावना सावरायला शिकवणारी उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान यांची मांडणी अशी, की काही मुलं मुळातच भावनेला हळवी असतात. त्यांचं दुखणं घरात सतत खोटं ठरवलं गेलं, की ते सावरायचं कसं हेच ती शिकत नाहीत. आनुवंशिकता, अत्याचार, हेळसांड, शाळेतली दादागिरी हेही धोके आहेत. पण अत्याचार झालेल्या प्रत्येकाला हा विकार होत नाही आणि विकार असलेल्या प्रत्येकावर अत्याचार झालेला नसतो. त्यामुळे लगेच आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

राहिलं बरं होण्याचं. अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला. 2010 साली आलेल्या निष्कर्षांत 93 टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं ओसरलेली होती. नोकरी, नाती यांची घडी मात्र जेमतेम निम्म्यांचीच बसली. शिक्षण आणि मैत्र्या तुटायच्या आधी उपचार हवेत ते याचसाठी. मेलबर्नला 15 ते 25 वयासाठी वेगळं क्लिनिकच आहे. खास या विकाराची गोळी नाही, मुख्य उपचार बोलण्याचा.

आपल्याकडे सिव्हिलची मानसोपचार ओपीडी आहे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट लागतो, मराठीतही बोलतात.