ऑस्टिओटोम इतकाही टाकाऊ नाही
दातांच्या इम्प्लांटवरच्या (जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळावरच्या) लेखात ऑस्टिओटोमला, म्हणजे हातोडीने ठोकून हाड दाबायच्या अवजाराला, जवळजवळ मोडीतच काढलंय, ते पटलं नाही. वरच्या जबड्याच्या मागच्या भागातलं हाड थर्माकोलसारखं. नेहमीचं ड्रिल तेही कापून बाहेर काढतं आणि इम्प्लांट सैल बसतं. दंतवैद्य समर्स यांनी १९९४ मध्ये मांडलेली ऑस्टिओटोमची पद्धत हाड न काढता बाजूला दाबते. हातोडीचे ठोके मात्र पेशंटच्या डोक्यात घुमतात, क्वचित नंतर चक्करही येते. उलटं फिरणारं ड्रिल ठोक्यांशिवाय तेच करतं, पण भरपूर पाणी सोडत, वरखाली हलवत. नाहीतर हाड तापतं. आणि सगळ्यात साधा उपाय, शेवटचं ड्रिल एक माप लहान वापरणं, त्याचा उल्लेखच नाही! शिवाय टॉर्क, म्हणजे इम्प्लांट पिळून बसवताना लागणारा जोर, चांगला मिळाला म्हणजे काम झालं असं नव्हे, अति दाबलेलं हाड सुरुवातीला झिजतं.