जुनं विमान म्हणून पडलं? नाही, ढगात शिरलं म्हणून पडलं

मुक्तिनाथच्या यात्रेला निघालेल्यांना हटकून येणारा मेसेज असा: ‘नेपाळात भंगार विमानं उडवतात. २०२२ मध्ये ठाण्याचे चौघे ज्यात गेले, ते ४३ वर्षांचं होतं. नवं विमान बघून तिकीट काढा.’

वय खरं आहे. २९ मे २०२२ ला पोखऱ्याहून मुक्तिनाथजवळच्या जोमसोमला निघालेलं तारा एअर या नेपाळी कंपनीचं ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान १९७९ चं होतं. ते डोंगरावर आदळलं आणि त्यातले बावीसही जण दगावले. पण याच कंपनीचं, याच जातीचं, याच मार्गावरचं विमान २४ फेब्रुवारी २०१६ लाही डोंगरावर आदळलं होतं आणि त्यात २३ जण दगावले. ते विमान होतं कोरं करकरीत, कंपनीकडे येऊन सहा महिनेही झाले नव्हते. दोन्ही चौकशांत निघालं ते एकच: धड चालू असलेलं विमान ढगात शिरलं, वाट चुकली आणि कड्यावर आदळलं.

‘ढग अचानक येतात, वैमानिक काय करणार?’ तर परत फिरणार. अन्नपूर्णा आणि धवलगिरी या आठ हजार मीटरहून उंच दोन शिखरांमधून काली गंडकीची दरी जाते. ट्विन ऑटर शिखरांवरून नाही, या दरीतूनच जातं, तेही डोळ्यांनी बघत. दिसेनासं झालं की पुढे जायचं नाही, हा तिथला पहिला नियम. २०१६ च्या अहवालात वैमानिकांनी पुन्हा पुन्हा ढगात शिरण्याचा निर्णय घेतल्याचं स्पष्ट लिहिलं आहे.

‘डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्रच नसतं’ हेही खोटं. २०२२ च्या विमानात ते होतं, पण बंद ठेवलेलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त छळतं ते हेच. अरुंद दरीत दोन्हीकडे डोंगर, त्यामुळे सगळं ठीक असतानाही ते यंत्र कोकलत राहतं. मग त्याचा आवाज बंद करायची सवय लागते, आणि खऱ्या संकटाच्या दिवशी ते गप्प असतं.

नेपाळच्या विमानसेवेवर शंका घ्यायला जागा आहेच. युरोपीय संघाने २०१३ पासून तिथल्या सगळ्या कंपन्यांना युरोपात यायला बंदी घातली, ती देखरेख कमी पडते म्हणून. विमानतळ चालवणारी आणि नियम लावणारी संस्था तिथे एकच आहे. बोलायचं तर त्यावर बोला.

आणि तुम्ही जाणार असाल, तर विमानाचं वय विचारत बसू नका. हातात दोन दिवस जास्तीचे ठेवा. उड्डाण रद्द झालं तर काउंटरवर हुज्जत घालू नका. पोखऱ्याहून जोमसोमला गाडीरस्ता आहे.