"सर, फंक नको, आज रॉक नाइट आहे"

शनिवारपासून डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पुण्यात एका ठिकाणी क्लासिक रॉक नाइट होती. जागेचं नाव घेत नाही, कारण हे सगळीकडेच चालतं. एक पोरगा लॅपटॉपवरून गाणी लावत होता, शेजारी एक वही, त्यात आपली फर्माईश लिहायची. मी लिहिलं, फंकाडेलिक, मॅगट ब्रेन. फंकाडेलिक हा अमेरिकेतला ब्लॅक बँड, फंक म्हणजे ठेक्याच्या, नाचायच्या ब्लॅक संगीतासाठी ओळखला जाणारा, आणि मॅगट ब्रेन हे त्याचं गाणं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "सर, फंक नको, आज रॉक नाइट आहे." म्हटलं अरे बाबा, दहा मिनिटांचा गिटार सोलो आहे तो, लावून तरी बघ. तर म्हणे, "डान्सवालं नको सर, क्राउड वेगळा आहे." आणि पुढचं लावलं ते 'हॉटेल कॅलिफोर्निया', जे त्याच रात्री आधी एकदा वाजून गेलेलं होतं!

डान्सवालं? मॅगट ब्रेनवर नाचून दाखव मला. १९७१ चा त्याच नावाचा अल्बम, डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओमध्ये रेकॉर्ड केलेला, आणि गिटारवर एडी हेझल, जेमतेम विशीतला पोरगा. बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटनने त्याला सांगितलं की आत्ता तुझी आई गेल्याचं तुला कळलंय असं समज आणि वाजव. त्याने एका टेकमध्ये वाजवलं. मागे ई मायनरमध्ये दुसरी गिटार एकेक सूर सुटा करून तेच तेच फिरवत राहते, आणि ते ऐकून क्लिंटनने काय केलं तर बाकी बँड जवळजवळ पूर्ण खाली ओढून टाकला. चांगले हेडफोन लावले तर ड्रम्स कुठेतरी भिंतीपलीकडे वाजल्यासारखे पुसट ऐकू येतात, बस. उरते ती एडीची गिटार, फझ (सूर खरखरीत करणारं) आणि वावाह (सूर रडवणारं) लावलेली, आणि तिच्यावर डिले, म्हणजे प्रतिध्वनी, म्हणजे त्याची प्रत्येक किंकाळी परत त्याच्याकडेच येते. (२००५ च्या री-इश्यूवर पूर्ण बँडचा मिक्सही आहे, तो ऐकला की क्लिंटनने काय ओळखलं होतं ते कळतं.) मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साधारण सहाव्या मिनिटाला घशाशी काहीतरी आलं आणि मी हातातलं काम सोडून खाली बसलो. हे नाचायचं गाणं आहे?

बरं, त्या पोरावरच राग नाही. माझ्या ओळखीतले वीस-वीस वर्षं गिटार वाजवणारे लोक, ब्रिटिश बँड्सचे सगळे सोलो नोट टू नोट येतात, त्यांना एडी हेझल म्हटलं की विचारतात कोण? आणि ज्यांना माहीत आहे ते म्हणतात, "अरे तो हेंड्रिक्सची कॉपी." याने तर माझं टाळकंच सटकतं. जिमी हेंड्रिक्स, म्हणजे रॉकमधला सगळ्यांना माहीत असलेला ब्लॅक गिटारिस्ट. गोऱ्या पोराने हेंड्रिक्स ऐकून वाजवलं की ते 'इन्फ्लुअन्स', आणि ब्लॅक पोराने वाजवलं की कॉपी? हो, एडीच्या वाजवण्यात हेंड्रिक्स आहे, हेंड्रिक्सला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, कुणाच्या वाजवण्यात नव्हता तो? पण इतका वेळ एका दुःखात थांबून राहणं, सूर वाकवून तिथेच धरून ठेवणं, हे एडीचं स्वतःचं आहे.

आणि हेंड्रिक्सलाच जसं काही आभाळातून पडल्यासारखं दाखवतात ना, त्याचाही राग येतो. लंडनला १९६६ मध्ये जाऊन स्टार होण्याआधी तो आयझली ब्रदर्स या भावांच्या बँडमागे गिटार वाजवायचा, न्यू जर्सीत त्यांच्याच घरी राहायचा. त्या घरातला धाकटा भाऊ अर्नी तेव्हा बारा वर्षांचा. त्या अर्नीने १९७३ मध्ये त्यांच्या दॅट लेडी या गाण्यात जी गिटार वाजवलीय ती कुठल्याही हार्ड रॉक सोलोच्या शेजारी ठेवा आणि सांगा मला काय कमी आहे. पण आयझली ब्रदर्स म्हणजे सोल, आर अँड बी, ब्लॅक संगीताचं दुसरं कपाट. सिस्टर रोझेटा थार्प ही ब्लॅक गायिका इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी राहायची, चक बेरी या ब्लॅक गिटारिस्टने रॉकची अख्खी भाषा घडवली, आणि तरी आमच्या डोक्यात रॉक म्हणजे लांब केसांचे चार गोरे. ब्लॅक गिटारिस्टसाठी एकच खुर्ची आहे, तिच्यावर हेंड्रिक्स बसलाय, बाकीच्यांनी बाहेर थांबा!

माझ्या फोनमधलं ॲप तर कळस आहे. फंकाडेलिकचंच कॉस्मिक स्लॉप ऐकलं की लगेच 'पार्टी' म्हणून प्लेलिस्ट पुढे करतं, डिस्को बॉलचं चित्र वगैरे. ते १९७३ चं गाणं कशाबद्दल आहे? पोरांना जगवायला शरीर विकणारी एक आई, आणि तिचा पोरगा रात्री तिची हाक ऐकतो. पार्टी!

आणि हे भांडण काही माझं आजचं नाहीये. १९७८ मध्ये फंकाडेलिकनेच वन नेशन अंडर अ ग्रूव्ह या अल्बममध्ये एका गाण्याचं नावच ठेवलं, हू सेज अ फंक बँड कान्ट प्ले रॉक?! म्हणजे फंक बँडला रॉक वाजवता येत नाही असं म्हणतं कोण, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह दोन्ही टाकून. पुढे १९८५ मध्ये गिटारिस्ट व्हर्नन रीड, ग्रेग टेट आणि कोंडा मेसन यांना न्यूयॉर्कमध्ये ब्लॅक रॉक कोॲलिशन नावाची संघटना काढावी लागली. विचार करा, आपण रॉक वाजवतो एवढं सांगायला संघटना! रीडच्या लिव्हिंग कलर या बँडचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला, त्यावरच्या कल्ट ऑफ पर्सनॅलिटीला हार्ड रॉकचं ग्रॅमी मिळालं, आणि त्या सोलोत रीड जे तोडफोड करतो ते ऐकताना आजही माझे हात थांबतात. शनिवारी तेही वाजलं नाही. तीन तास बसलो होतो मी, अख्ख्या रात्रीत हेंड्रिक्सचं एक गाणं, तेही अर्ध्यावर कापलेलं, आणि बाकी एकही ब्लॅक माणूस नाही.

एडीचं काय झालं हे कुणाला माहीत नसतं म्हणून सांगतो. १९७४ च्या स्टँडिंग ऑन द व्हर्ज या फंकाडेलिकच्या अल्बममधली बहुतेक सगळी गाणी त्याने क्लिंटनबरोबर लिहिली, आणि श्रेयात नाव घातलं ग्रेस कुक, म्हणजे त्याची आई. जिच्या मरणाची कल्पना करून तो सोलो वाजवला तीच. त्याच वर्षी विमानातल्या मारामारीवरून तुरुंगात गेला आणि बँडमध्ये मायकेल हॅम्प्टन आला, पोरसवदा, मॅगट ब्रेन जसंच्या तसं वाजवून दाखवणारा. बाहेर आल्यावर एडीचा स्वतःच्या नावाचा एकच अल्बम त्याच्या हयातीत निघाला, १९७७ मध्ये. १९९७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पार्लमेंट-फंकाडेलिकला (म्हणजे फंकाडेलिक आणि क्लिंटनचाच दुसरा बँड पार्लमेंट) घेतलं, त्यात एडीचंही नाव आहे, रॉक अँड रोलच्याच हॉलमध्ये, पण तो तेव्हा नव्हता. २३ डिसेंबर १९९२ ला गेला, बेचाळीस वर्षांचा होता, लिव्हर गेलं. त्याच्या अंत्यविधीला मॅगट ब्रेनच लावलं होतं.

निघताना काउंटरवर ती वही उघडीच होती. माझ्या ओळीवर पेनाने आडवी काट मारलेली, आणि खाली कुणीतरी परत त्याच हॉटेलची फर्माईश लिहिलेली. मी पेन घेतलं, तेच नाव पुन्हा लिहिलं, या वेळी ठळक, आणि समोर उभा राहिलो. त्याने वाचलं, हेडफोन कानावर ओढला आणि लॅपटॉपकडे बघत बसला. येत्या शनिवारी परत जातोय.