पण आजोबा कुठेत?

काल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं चित्र टाकलं आणि एका लांबच्या काकांनी ते 'जरा नीट करून' परत पाठवलं. अजून डोकं ठणकतंय.

आजोबांनी प्रवासात काढलेल्या फोटोंवरून मी सायनोटाइप करते. फोटो स्कॅन करायचा, त्याची निगेटिव्ह पारदर्शक शीटवर छापायची, लोहाचे क्षार फासलेल्या कागदावर ती दाबून उन्हात ठेवायची आणि मग कागद साध्या पाण्यात धुवायचा, की निळंशार चित्र उमटतं. जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेला प्रकार. त्याला काका नसावेत.

"छान आहे गं. पण आजोबा कुठेत?"

"काका, फोटो त्यांनीच काढलाय."

"ते कळलं. पण ते कुठेत?"

"कॅमेऱ्यामागे."

"मग पुढे का नाही आले?"

आता हा प्रश्न मी कोणाला विचारू? बरं, आजोबा फोटोत आहेतसुद्धा! बॉक्स कॅमेऱ्याच्या जमान्यात सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढा असं सांगायचे, आणि आजोबा पडले आज्ञाधारक, त्यामुळे फोटो कुठलाही असो, खाली त्यांची लांबलचक सावली असतेच, कोपरं बाहेर, मान खाली, कारण त्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागायचं. मी जीव ओतून केलं ते त्या सावलीसाठी.

काकांनी नेमकी तीच पुसली. "डाग होता गं खाली, काढला." निळा रंग काढून 'खरे' रंग भरले (फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे, खरे रंग यांना कोणी सांगितले?) आणि ॲपकडून मधोमध आजोबा उभे करून घेतले. सगळे दात शाबूत, हातात डिजिटल कॅमेरा.

खाली लगेच "डिट्टो आजोबा!", "डोळ्यात पाणी आलं". यातल्या निम्म्यांनी आजोबांना कधी पाहिलेलं नाही. फोटोंचा डबा वर्षानुवर्षं ओल खात पडला होता, कोपरे एकमेकांना चिकटले, तेव्हा एकालाही पाणी आलं नाही. आणि माझ्या चित्राला? एक अंगठा. तोही काकांचाच.

आता ते दातवाले आजोबा ग्रुपचा डीपी आहेत. वर काकांचा मला वेगळा मेसेज, "खाली तुझंच नाव टाकलंय हो, आपण क्रेडिट खात नाही कोणाचं."