ओटीपी येतो पाण्याच्या टाकीपाशी

फौजेत बंदूक धरणारा तो जवान आणि कागद धरणारा तो बाबूजी. मी अख्खी नोकरी बाबूजी म्हणून काढली. रजेचे अर्ज, रेशनचे हिशेब, बायकोचं नाव रेकॉर्डला सुनिता आणि आधारला सुनीता, असल्या आघाड्यांवर मी लढलो. त्यात सगळ्यात घाम कुणी काढला असेल तर निवडणुकीने.

जवानाचं नाव गावच्या यादीत 'सेवा मतदार' म्हणून असतं. गाव चिपळूणजवळ आणि माणूस सिक्कीमच्या वरच्या अंगाला, म्हणजे मत पोस्टाने. जुन्या काळी मतपत्रिका गावाकडून निघायची, रेकॉर्ड ऑफिसला मुक्काम करायची, तिथून युनिटकडे यायची आणि तोवर युनिट दुसरीकडे हललेली असायची. शेवटी हातात पडायची तेव्हा गावात गुलाल धुऊन झालेला असे. आमचा एक नायक तरीही मन लावून खूण करायचा. म्हणायचा, "बाबूजी, पडलेल्या माणसाला तेवढाच धीर."

२००३ साली सरकारने बदली मतदाराची सोय केली. तुमच्या वतीने गावातला माणूस मतदान केंद्रावर जाऊन मत देणार. मी अर्थातच वडिलांचं नाव दिलं. अण्णा एकदा स्वतःचं मत देऊन आले, शाई डाव्या तर्जनीला. मग माझं दिलं, शाई मधल्या बोटाला, कारण बदलीचं बोट वेगळं असतं. दोन बोटं रंगवून गावभर पंधरा दिवस मिरवले. मी फोनवर विचारलं, "अण्णा, माझं मत कुणाला दिलंत?" तर म्हणाले, "गुप्त मतदान असतं रे, असं सांगत नाहीत." माझं मत माझ्यापासूनच गुप्त! पुढल्या निवडणुकीला मी पुन्हा पोस्टाकडे वळलो.

मग २०१६ मध्ये नियम बदलले आणि मतपत्रिका कॉम्प्युटरवरून यायला लागली. निवडणूक आयोगाने सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने ही व्यवस्था उभी केली, नाव 'इलेक्ट्रॉनिकली ट्रान्समिटेड पोस्टल बॅलट सिस्टिम', आणि पुद्दुचेरीतल्या नेल्लीथोपच्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा वापरली. तिच्या नावात इलेक्ट्रॉनिक शब्द ठळक आहे, म्हणून सगळ्यांना वाटतं जवान बटण दाबतो आणि मत चिपळूणला पडतं. तसं काही नाही. मतपत्रिका इकडे येताना विजेच्या वेगाने येते आणि परत जाताना स्पीड पोस्टाने जाते. नवरदेव विमानाने आणि वरात बैलगाडीने. मधला जो काय गोंधळ, तो बाबूजींचा.

नोव्हेंबर २०२४ची विधानसभा घ्या. फाइल उतरवायची तर ओटीपी लागतो, छापायची तर पिन लागतो. सुरक्षेला हे उत्तमच, पण नेटवाला कॉम्प्युटर ऑफिसच्या खोलीत आणि मोबाइलची रेंज पाण्याच्या टाकीपाशी. ओटीपीला फार थांबायची सवय नसते. म्हणून एक जवान टाकीपाशी फोन घेऊन उभा, दुसरा मधल्या चढावर, आणि मी खुर्चीत. पहिला ओरडणार, दुसरा तेच ओरडणार, मी टाइप करणार. मधल्या जवानाचं नाक चोंदलेलं. तो सात म्हणतो की साठ, यावर आख्खी सकाळ गेली. एवढी गुप्त गोष्ट डोंगरभर ओरडून सांगण्याचा मान आमच्या युनिटला मिळाला.

छपाई झाली की पाकिटं. मतपत्रिका आतल्या पाकिटात, त्यावर नमुना क्रमांक १३-बी. ते पाकीट आणि १३-ए नावाचं प्रतिज्ञापत्र मिळून बाहेरच्या पाकिटात, त्यावर १३-सी. सगळ्यांवर क्यूआर कोड, मोजणीला ते एकेक स्कॅन होतात, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात गेलं की मत बाद. १३-ए वर जवानाची सही आणि वर अधिकाऱ्याची साक्ष. साहेब गस्तीवर. आम्ही लंगरातली टेबलं एकमेकांना लावली, मध्ये आडोसा म्हणून घोंगडी टांगली आणि जवानांना ओळीने बसवलं. डिंक गोठलेला, तो चुलीपाशी धरून ठेवायला एक माणूस लावला. झारखंडच्या पोरांचीही निवडणूक त्याच सुमारास होती, त्यामुळे ढीग दोन. पाकीट चिकटवताना एक शिपाई म्हणाला, "बाबूजी, ह्यात आपल्या भावकीतला कुणीच उभा नाही, मग कुणाला देऊ?" मी म्हटलं, "घोंगडीला विचार."

आता हिशेब बघा. उमेदवारी मागे घ्यायची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर. त्याआधी यादीच पक्की नाही, तर मतपत्रिका कुठून येणार? मतमोजणी २३ तारखेला आणि पाकीट त्या दिवशी सकाळी आठच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर हवं. म्हणजे अठरा-एकोणीस दिवसांत डाउनलोड, ओटीपी, चोंदलेलं नाक, गस्तीवरचे साहेब, डिंक, खच्चर, ट्रक, टपाल आणि कोकणातलं पोस्ट. पोस्टेज तेवढं सरकार भरतं.

आणि पाकीट एकदा गेलं की गेलं. पोचलं हे फार तर टपालाच्या नंबरावरून कळतं. मोजलं की सहीपायी बाद झालं, हे आमच्यापैकी कुणालाही कधी कुणी कळवलं नाही.

हे सगळं मी सुट्टीत घरी रंगवून सांगत होतो, तर मस्कतहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल. तो परदेशस्थ मतदार. अर्ज भरून यादीत नाव लावलेलं, पण मत द्यायचं तर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर व्हायचं. २०२४च्या लोकसभेला असे १,१९,३७४ जण यादीत होते, येऊन मत देणारे २,९५८, आणि त्यातलेही बहुतेक केरळचे. बदली मतदार परदेशस्थांनाही द्यावा असं विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झालं होतं, ते पुढे विरलं. आयोगाने २०२० मध्ये कायदा मंत्रालयाला कळवलं की जवानांची व्यवस्था यांनाही लावता येईल. पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या सिस्टिममध्ये मला घुसवा. नाहीतर सरळ मोबाइलवर ॲप द्या. बँक चालते, मत का नाही?"

त्याला मी वॉशिंग्टनची गोष्ट सांगितली. २०१० साली तिथल्या शहर प्रशासनाने सैनिक आणि परदेशात राहणाऱ्या आपल्या नागरिकांसाठी इंटरनेट मतदान बांधलं आणि खऱ्या मतदानाआधी जाहीर केलं, या, फोडून दाखवा. मिशिगन विद्यापीठातली मंडळी आली, दोन दिवसांत आत शिरली, सगळी मतं बदलून काल्पनिक रोबोंना देऊन टाकली आणि मतदाराला धन्यवाद म्हणणाऱ्या पानावर आपल्या विद्यापीठाचं गाणं लावून गेली. बँकेत पैसे गेले तर पासबुकात दिसतं. मत गेलं तर कुठल्या पासबुकात बघणार? गुप्त ठेवायचं तर खातं उघडता येत नाही, खातं उघडलं तर गुप्त राहत नाही. एस्टोनियाने २००५ पासून हे चालवून दाखवलंय, पण त्यांची माणसं आपल्या एका शहरात मावतील.

त्याच अमेरिकेचा २००९चा कायदा मात्र मला आवडतो. त्यांच्या केंद्रीय निवडणुकीत सैनिकाने किंवा परदेशात राहणाऱ्या मतदाराने मागितली असेल तर मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी निघाली पाहिजे, आणि आपली मतपत्रिका पोचली का हे त्याला फुकटात बघता आलं पाहिजे. मला मोबाइलवर बटण नको. पंधरा दिवस जास्त द्या आणि पाकीट फोडल्यावर एक मेसेज टाका, 'मोजलं' किंवा 'सही नव्हती'. कुणाला दिलं ते नका विचारू, अण्णांनीही सांगितलं नव्हतं.

पुतण्या विचारात पडला. मग म्हणाला, "एवढं कशाला काका? मी गणपतीला येतोच. आयोगाला सांगा, मतदान तेव्हा ठेवा."

आतून बायको म्हणाली, "ठेवतील. पण सगळे मतदार आरतीला, केंद्रावर बसणार कोण?"