एक किलोमीटरचं वर्तुळ

माझ्या परसात तीन कोंबड्या आहेत. मी राहतो इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक परगण्यात. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारी नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी ती पन्नास किंवा जास्त पक्षी असणाऱ्यांनाच होती. संध्याकाळी चहा पिता पिता मी फॉर्म भरला. पक्षी कोणते, किती, कुठे ठेवता, कशासाठी पाळता, बाहेर मोकळे सोडता का. गावाकडे फोनवर हे सांगितलं तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू तर कोंबड्यांचा सातबाराच काढलास!" तो हसत होता. मला मात्र २०२१ चा जानेवारी आठवला.

भाऊ परभणी जिल्ह्यात करार पद्धतीनं ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, पाळतो. त्या जानेवारीत जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. भावाचं शेड तिथून लांब होतं, तरी तो रोज रात्री फोन करायचा. एके दिवशी म्हणाला, वाडीतल्या एका घरी मर लागलीय. काल दोन गेल्या, आज पाच. घरच्या बाईंनी त्या उकिरड्यामागे खड्डा करून पुरल्या, वर चुना टाकला. सगळ्या वाडीला माहीत होतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला मात्र कोणी कळवलं नाही.

मी चिडलो. कायदा आहे ना, म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, कळवलं तर एक किलोमीटरचं वर्तुळ पडतं. त्यात माझं शेड येतं, तिच्या जावेच्या कोंबड्या येतात, सगळ्यांच्याच येतात. आणि फोन कुणी केला ते दुपारपर्यंत गावाला कळतं."

मला उत्तर सुचलं नाही. बर्ड फ्लू निघाला की आपल्याकडे त्या जागेभोवती एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारतात, आजारी, धडधाकट, शेडमधले, अंगणातले. त्यापुढे दहा किलोमीटरपर्यंत पाळत. म्हणजे खबर देणारा फक्त स्वतःच्या नाही, शेजाऱ्याच्याही कोंबड्यांवर पाणी सोडतो. त्या घरातल्या कोंबड्या कशानं मेल्या, हे आजही कोणाला माहीत नाही. कोंबड्यांचा नेहमीचा मानमोडी रोगही असेल. नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलाच नाही, मग भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत कुठून जाणार?

दर थंडीत महाराष्ट्रात हा वाद नव्यानं पेटतो, आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज म्हणतो की रोग लपवणाऱ्याला जबर शिक्षा करा. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १००० रुपयांपर्यंत. एवढ्याला कोण भीक घालतं, असं लोक विचारतात. दंड किरकोळ आहे हे मलाही पटतं. पण वाडीतल्या त्या बाईंना दंड दहा हजार असता तरी त्यांनी फोन केला नसता. उलट खड्डा आणखी खोल खणला असता.

कायदा खबर देण्याचं कर्तव्य मालकावर, ग्रामपंचायतीवर, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकतो. जनावरं वेगळी ठेवणं, बाजार बंद करणं, मारणं, पुरणं, सगळ्याची कलमं आहेत. भरपाई मात्र हक्क म्हणून त्यात लिहिलेली नाही. ती केंद्र आणि राज्याच्या निम्म्या निम्म्या वाट्याच्या योजनेतून, सरकारी आदेशानं येते. २०२१ मध्ये राज्यानं दर लावले ते असे: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७० आणि त्याखालच्याला २०. कागदावर हे ठीक दिसतं. पण ब्रॉयलरची बॅच सहा आठवड्यांच्या आसपास, बऱ्याचदा त्याआधीच, उचलली जाते. अडतीस दिवसांचा, दोन किलोच्या घरात गेलेला पक्षी, उद्या गाडी येणार म्हणून तयार असलेला, या तक्त्यात २० रुपयांच्या पिलात बसतो. शिवाय करारात पक्षी कंपनीचे असतात. भावाचं फक्त शेड, वीजबिल आणि राबणं. शेड रिकामं पडलं तर ते कुठल्याच तक्त्यात नाही.

इकडे सगळं सोन्याचं आहे असं सांगायला मी हे लिहीत नाही. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकूत आलं तेव्हा त्याचं मूळ नॉर्थंबरलँडमधल्या एका डुकरांच्या फार्मपर्यंत पोचलं. तिथल्या मालकानं रोग कळवला नव्हता. त्याला पुढे शिक्षा झाली, पण तोवर मेंढ्या बाजारांतून देशभर पांगल्या होत्या. ६० लाखांवर जनावरं मारली गेली. वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियात तर तीन किलोमीटरच्या आतल्या मेंढ्या सरसकट मारायचं ठरलं. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बहीण तिकडे असायची. तिच्या निरोगी मेंढ्या गेल्या, केवळ शेजारच्या शेतात रोग निघाला म्हणून. हे सांगताना तो अजूनही मध्येच थांबतो. कडक कायदा होता, एक अब्ज पौंडांहून जास्त भरपाई वाटण्याइतका पैसा होता, तरी एका माणसानं लपवलं आणि वर्तुळं इथंही पडलीच.

फरक त्यानंतरचा आहे. आज इथे बर्ड फ्लू निघाला की ज्या जागी निघाला तिथले पक्षी मारतात. भोवतीच्या तीन किलोमीटरमध्ये आणि पुढे दहापर्यंत ने-आण बंद होते, तपासणी होते, पण शेजाऱ्याच्या कोंबड्या जिवंत राहतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडभर पक्षी बंदिस्त ठेवण्याचा हुकूम आला तेव्हा मी जाळी लावली, वर ताडपत्री टाकली, दाराशी जंतुनाशकाचं घमेलं ठेवलं. बूट बुडवल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. कोंबड्या चिडचिड्या झाल्या, एकमेकींची पिसं उपटत होत्या. पण माझ्या परसात मारायला कोणी आलं नाही.

आणि भरपाई. इथल्या कायद्यात निरोगी पक्ष्याची किंमत मिळते, आजारानं आधीच मेलेल्याची नाही. त्यामुळे लवकर कळवण्यातच शहाणपण असतं. तरी २०२२ पर्यंत यात एक खोट होती. पक्ष्यांचं मूल्य त्यांना मारण्याचं काम संपताना धरायचे, आणि हा रोग इतका झपाट्यानं मारतो की पथक काम उरकेपर्यंत निम्मं शेड मेलेलं असे. कळवूनही हाती थोडंच. त्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलला, मारण्याचं नियोजन सुरू होतं तिथपासूनच मूल्य धरायचं ठरलं. रिकाम्या शेडचे महिने आणि दुसऱ्या फेरीची साफसफाई आजही शेतकऱ्याच्याच खिशातून जाते, आणि त्यावर इथेही भांडण चालू आहे.

नॉरफोकचा नियम उचलून मराठवाड्यात लावा, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे अंगणातली कोंबडी चार घरांत चरते. कोणाकडे किती आहेत हे लिहिलेलं नाही, म्हणून अधिकारी नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढतो. दुसरं तो करणार काय? म्हणूनच मला नोंद महत्त्वाची वाटते. कुठे काय आहे हे माहीत असेल तर वर्तुळ लहान करता येतं. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात कानात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद झाली तेव्हा गावात तक्रारी झाल्या: टॅग निखळतो, कान पिकतो, बाजाराच्या दिवशी टोचायला माणूस नसतो. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या सोडवायलाच हव्यात. तरीही टॅग नको, हे मला पटत नाही.

आपल्याच गावात याचा पुरावा आहे. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा सरकारनं मेलेल्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० जाहीर केले. भाऊ सांगतो, गोठ्यात जनावर दगावलं की लोक स्वतः फोन करून डॉक्टरांना पंचनाम्याला बोलवायचे. तीच वाडी, तीच माणसं. दीडेक वर्ष आधी त्यांनीच कोंबड्या चुन्यात पुरल्या होत्या.

म्हणून दंड वाढवायचाच असेल तर कायद्याच्या त्याच दुरुस्तीत भरपाईचं कलम घाला. दर पक्ष्याच्या वजनावर ठरू द्या, पैसे देण्याची मुदत दिवसांत लिहा, आणि करारावर पाळणाऱ्याचा वाटा वेगळा दाखवा. खबर देणाऱ्याचं नाव दवाखान्याबाहेर जाणार नाही हेही लिहा.

परवा भावाची नवी बॅच आली. फोनवर पिलांचा चिवचिवाट इतका होता की त्याचं बोलणं धड ऐकू येईना. मी त्या बाईंची चौकशी केली. म्हणाला, त्यांनी पुन्हा आठ-दहा कोंबड्या पाळल्यात, मोकळ्याच, चार घरांत फिरतात. त्यांची नोंद अजून कुठेच नाही.